जुनी गाडी घेऊ का? आधी आरसी बुक बघा, मग किक मारा

या महिन्यात आलेल्या पत्रांत जुन्या मोटरसायकलींचेच प्रश्न एवढे होते की हे अख्खं सदर त्यांच्यासाठी ठेवलंय. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं काढलीत.

प्रश्न : सर नमस्कार. मी कराडचा, वय ३४, एमआयडीसीत कामाला आहे. पाटण साइडच्या एका गावात यामाहाची आरएक्स १०० बघून आलोय, १९९४ चं मॉडेल, ७० हजार सांगताहेत, थोडे कमी करतील. गाडी बरीच वर्षं गोठ्याशेजारी उभी आहे, इंजिन फिरतंय पण चालू करून दाखवली नाही, कार्बोरेटर काढून ठेवलाय म्हणाले. आरसी बुक आहे पण नाव पहिल्या मालकाचंच आहे, आत्ताचे हे तिसरे. पासिंग, म्हणजे रजिस्ट्रेशनची मुदत, २०१४ ला संपलंय. आमचा मेकॅनिक म्हणतो डोळे झाकून घे, आता अशा मिळत नाहीत. घरात कुणालाच पटत नाहीये. कॉलेजपासून हीच गाडी डोक्यात आहे. घेऊ का?

उत्तर : मिळत नाहीत हे खरंय. आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, म्हणजे सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता जवळजवळ ३० वर्षांची आहे, आणि ९८ सीसीचं इंजिन, ११ हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम १०० किलोच्या आसपास, हे गणित त्या काळात दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं म्हणून ती पळायची आणि म्हणूनच लोक अजून शोधत फिरताहेत. तुमची ओढ मला पूर्ण कळते. पण डोळे झाकून घे हे मात्र चुकीचं सांगितलंय, या गाडीत डोळे उघडे ठेवायची जागा इंजिन नाहीये, आरसी बुक आहे.

इंजिनची काळजी मला सगळ्यात कमी वाटते. टू-स्ट्रोक आहे, फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ५० मिमी आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ती पण ५० मिमी. बोअर घासला असेल तर लेथवाला पाव मिमी वाढवून देतो, तसे ओव्हरसाइज पिस्टन मिळतात, ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० असे टप्पे असतात, तेही संपले तर नवीन स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आतली नळी, बसते. क्रँकला, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याला, प्ले (ढिलेपणा) असेल तर कनेक्टिंग रॉड किट आणि बेअरिंग बदलून क्रँक पुन्हा बांधून मिळतो. पुण्यात नाना पेठेत दोन-तीन चकरा मारल्या तर बहुतेक सगळं हाताला लागतं. म्हणजे पैसे लागतील, पण अडणार काही नाही.

अडतं ते कागदात. तुम्ही पैसे देणार तिसऱ्या माणसाला, पण सरकारदरबारी ती गाडी त्याची नाहीच, ती अजून पहिल्या मालकाची आहे. ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणारा म्हणून सही लागते ती त्या पहिल्याची, हल्ली आधार आणि मोबाइलचं व्हेरिफिकेशन पण असतं, त्यामुळे मागच्या काळातल्या सह्या केलेल्या कोऱ्या फॉर्मवर भरवसा ठेवू नका. तो माणूस कुठे आहे? हयात आहे का? नसेल तर त्याच्या वारसांच्या नावावर आधी गाडी चढवावी लागेल, आणि तीन भाऊ असतील तर तिघांच्या संमत्या. हे सगळं तुम्ही ॲडव्हान्स द्यायच्या आधी शोधायचंय, नंतर नाही.

आणि यात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येते, म्हणून नीट सांगतो. पासिंग संपलेली गाडी आधी रिन्यू करावी लागते आणि मग नावावर होते, साधारण असाच क्रम असतो. रिन्युअलसाठी गाडी आरटीओत तपासणीला उभी करावी लागते, म्हणजे लाइट, ब्रेक, हॉर्न, इंडिकेटर, टायर सगळं चालू स्थितीत पाहिजे. म्हणजे बघा, गाडीवर सगळा खर्च आधी करायचा आणि ती तुमच्या नावावर होणार की नाही हे नंतर कळणार! माझ्या ओळखीत दोघांच्या गाड्या अशाच तयार होऊन घरात उभ्या आहेत, एकदम देखण्या, आणि रस्त्यावर काढता येत नाहीत कारण मूळ मालक सापडत नाही. म्हणून पहिल्या मालकाचा होकार ही पहिली पायरी, बाकी सगळं त्यानंतर.

तो तयार होत नसेल तर त्याला एक गोष्ट समजावून सांगा, त्याच्याच फायद्याची आहे. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की गाडी कितीही हात बदलली असली तरी आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल, म्हणजे उद्या त्या गाडीनं अपघात झाला तर भरपाईचा दावा त्याच्या दारात येणार. नाव कमी होण्यात त्याचीच सुटका आहे. हे ऐकल्यावर बरेच लोक सही करायला येतात असा माझा अनुभव आहे.

मग परिवहन पोर्टलवर नंबर टाकून बघा. गाडी ऑनलाइन दिसतच नसेल तर जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, त्यासाठी आरटीओत चार खेटे पडतील. दिसत असेल तर कर्जाचा बोजा आहे का, जुने चलन आहेत का, ब्लॅकलिस्ट आहे का ते बघा. आपल्याकडे दिल्लीसारखी १५ वर्षांच्या पेट्रोल गाडीवर बंदी नाही, १५ वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी रिन्यू करता येतं. पण फी वाढत चाललीय. २०२२ पासून रिन्युअलला उशीर झाला की दुचाकीला दर महिन्याला ३०० रुपये जादा लागतात आणि २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या दुचाकीची रिन्युअल फी २००० झाली. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, थर्ड पार्टी इन्शुरन्स, पीयूसी, एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. तुमच्या गाडीची एकूण रक्कम पोर्टलवर निघेल ती आधी काढा आणि ती विकणाऱ्याच्या किमतीतून वजा करायला सांगा, कारण हा उशीर त्यांनी केलाय.

चेसिस नंबर स्वतः बघा. हँडलच्या खाली नेकवर असतो, तिथलं ग्रीस-माती रॉकेलनं पुसा, कागद ठेवून पेन्सिल फिरवून प्रिंट घ्या आणि आरसीशी एक एक आकडा जुळवा. आकडे वाकडेतिकडे असतील, मधलं अंतर कमी-जास्त असेल, भोवती ग्राइंडर मारल्याच्या रेषा असतील तर तिथूनच परत फिरा, किंमत कितीही कमी केली तरी. इंजिन नंबर पण तसाच जुळवा. आरएक्स १०० चे नंबर १एल१ नं सुरू होतात. आरएक्स १३५ चं इंजिन चढवलेल्या गाड्या भरपूर फिरताहेत, चालवायला मजा येत असेल पण आरसीवर नोंद नसेल तर पासिंगला तुम्ही अडकणार.

कार्बोरेटर काढून ठेवलाय म्हणाले ना, तो हातात घेऊन बघा. मिकुनीचा ओरिजिनल असेल तर ठीक, नाहीतर ‘काढून ठेवलाय’ याचा अर्थ ‘नाहीये’ असा पण निघतो. साइड पॅनल, चेन कव्हर, मीटर, मडगार्ड, ओरिजिनल सायलेन्सर हे सगळं जागेवर आहे का ते लिहून काढा. या गाडीत इंजिनपेक्षा या पत्र्याच्या आणि प्लॅस्टिकच्या गोष्टी मिळवताना जास्त दमायला होतं, डुप्लिकेट मिळतात पण फिटिंगला कधीच बरोबर बसत नाहीत.

माझं मत सांगतो. पहिला मालक सापडला, सही द्यायला तयार असला आणि नंबर जुळले तर घ्या, पण ७० ला नाही. बंद गाडी आहे, पासिंग नाही, चालू करून दाखवलेली नाही, म्हणजे इंजिनचं पूर्ण काम आहे असंच धरून भाव करा. थोडा टोकन द्या, बाकी रक्कम नाव ट्रान्सफर झाल्यावर, आणि हे साध्या कागदावर का होईना लिहून दोघांच्या सह्या घ्या. खरेदीला जेवढे जातील तेवढेच अजून गाडीवर जातील अशा तयारीनं जा आणि घरच्यांना हा पूर्ण आकडा आत्ताच सांगा, अर्धा सांगितला तर पुढे प्रत्येक स्पेअर पार्टला भांडण होईल. आणि पहिला मालक सापडलाच नाही, तर फुकट दिली तरी नको.

प्रश्न : स्वतः काम करत बसण्यापेक्षा रेडी रिस्टोर केलेली घेतली तर? पुण्यात एक दीड लाखाला आहे, एकदम शोरूम कंडिशन. (पिंपरी)

उत्तर : घेऊ शकता, वेळ नसेल तर तेच बरं. पण शोरूम कंडिशन हे फक्त रंगाचं वर्णन असतं. काम करायच्या आधीचे फोटो मागा, इंजिन उघडलेलं असतानाचे फोटो मागा, लेथची आणि पार्टची बिलं मागा. ज्यानं मनापासून काम केलंय त्याच्या मोबाइलमध्ये असे शेकड्यानं फोटो असतात आणि तो न विचारता दाखवतो. टाकीवर कापडात गुंडाळलेलं मॅग्नेट फिरवा, जिथे पकड सैल होते तिथे खाली पुट्टी आहे.

जायच्या आधी सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या इंजिनला हात लावून बघा, गरम असेल तर थंड स्टार्टिंगचा काहीतरी प्रॉब्लेम लपवलेला असू शकतो. मग चांगली अर्धा तास चालवा. टू-स्ट्रोक सुरुवातीला धूर देणारच, पण गरम झाल्यावरसुद्धा पांढरा दाट धूर येत राहिला आणि गिअर ऑइलची लेव्हल कमी होत असेल तर क्लच साइडचा क्रँक सील गेलाय, गिअर ऑइल आत खेचून जळतंय. दुसऱ्या बाजूचा, मॅग्नेटो साइडचा सील गेला असेल तर हवा आत जाते आणि रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नाही. दोन्ही दुरुस्त होतात पण दीड लाख घेतल्यावर ते तुम्ही का करायचं?

प्रश्न : बेळगावात एक येझदी रोडकिंग मिळतीय, केए-२२ पासिंग, कागद क्लिअर आहेत, मालक स्वतः विकतोय. मी कोल्हापूरचा. दुसऱ्या राज्यातली घ्यावी का आणि रोजच्या वापराला चालेल का?

उत्तर : मालक स्वतः आहे, कागद क्लिअर आहेत, म्हणजे निम्मं काम झालंय. बेळगावच्या आरटीओतून फॉर्म २८ ची एनओसी मालकाला काढायला लावा, ती हातात आल्यावरच पूर्ण पैसे द्या. मग कोल्हापूरला एमएच-०९ चा नंबर घ्यायचा. इथे टॅक्स पुन्हा भरावा लागतो, तो गाडीच्या वयावर ठरतो, आधी आरटीओत विचारून घ्या. कायद्यानं दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवीन नंबर घ्यावाच लागतो, त्यामुळे ‘चालतंय की, कोण बघतंय’ यावर जाऊ नका.

गाडीबद्दल बोलायचं तर माझा जीव येझदीत जास्त आहे हे आधीच सांगतो, म्हणजे तुम्ही माझं मत त्या हिशोबानं घ्याल. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी बनत होत्या, १९९६ ला कारखाना बंद झाला. रोडकिंग हे २५० सीसीचं मॉडेल, एकच सिलिंडर पण दोन्ही बाजूला सायलेन्सर, आणि किक आणि गिअरचा लिव्हर एकच, आत दाबून फिरवला की किक, परत आणला की गिअर. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून टाकायचं. पेट्रोल पंपावर प्रत्येक वेळी मोजून ऑइल टाकणं, इग्निशनचे पॉइंट साफ करणं, प्लग जवळ बाळगणं हे सगळं तुम्हाला आवडणार असेल तर ही गाडी तुमची आहे. रोज ऑफिसला वेळेत पोचायचं असेल तर घरात दुसरी गाडी पाहिजे. रविवारी पन्हाळा, जोतिबा, आंबा घाट, त्यासाठी घ्या.

कोल्हापूरला तुम्हाला एक मोठा फायदा आहे तो म्हणजे उद्यमनगर. जे पार्ट बाजारात मिळत नाहीत ते बुश, शाफ्ट, पिना करून देणारे लेथवाले तिथे आहेत, बाकी शहरातल्या लोकांना यासाठी फिरावं लागतं. आणि एक काळजी, आत्ताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून महिना-महिना गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवा, नाहीतर टाकी आतून गंजते. पेट्रोलचे जुने रबरी पाइप, कॉकचे वॉशर पहिल्याच कामात बदलून टाका.

प्रश्न : माझ्या वडिलांची १९८७ ची बुलेट आमच्या नाशिकच्या घरी आहे. ते गेल्यापासून कुणी हात लावला नाही. भाऊ म्हणतो भंगारात द्यायची का बघूया, मला ती चालवायची आहे. पण मला गिअरची गाडी येते ती आजकालची. खूप खर्च आहे का, आणि नावावर कशी करायची? (महिला वाचक, ठाणे)

उत्तर : ताई, भंगारात अजिबात देऊ नका. आज या महिन्यातल्या सगळ्या गाड्यांत मला कुठली घ्यावीशी वाटली विचाराल तर हीच, कारण मालक कोण होता, कशी वापरली, कधी पडली हे सगळं घरातच माहिती आहे.

नाव करायला फॉर्म ३१ असतो, मालकाच्या मृत्यूनंतरच्या ट्रान्सफरचा. मृत्यूचा दाखला, वारसांचा पुरावा, आणि भावाची आणि आई असतील तर त्यांची संमती लेखी. मुदत खरं तर तीन महिन्यांची असते, ती गेली असली तरी काम होतं, थोडा दंड लागेल. भाऊ भंगार म्हणतोय म्हणजे त्याची संमती सहज मिळेल, ती आत्ताच लिहून घ्या, गाडी चमकल्यावर मन बदलू शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कुणालाही उत्साहानं किक मारू देऊ नका. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टन रिंग सिलिंडरला धरलेली असू शकते, जोर लावला की रिंग तुटते आणि मग छोट्या कामाचं मोठं काम होतं. प्लग काढायचा, आत थोडं इंजिन ऑइल सोडायचं, एक-दोन दिवस तसंच ठेवायचं, मग टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हळूहळू हातानं फिरवायचं. सुटलं तर छान. जुनं ऑइल आणि टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढून टाका, वायरिंगवर उंदरांनी काय केलंय ते बघा, त्यानंतर चालू करायचा विचार.

ती जुन्या कास्ट आयर्न इंजिनची आहे. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, तुम्हाला सवय आहे त्याच्या बरोबर उलटं. घाबरायचं काही नाही, पण मोकळ्या ग्राउंडवर चांगले आठ-दहा दिवस काढा, कारण अचानक काही आडवं आलं की पाय जुन्या सवयीनं जातो आणि ब्रेकऐवजी गिअर दाबला जातो. किकला ताकद लागत नाही, पद्धत लागते. अँपिअर मीटरचा काटा मध्यभागी येईपर्यंत किक हळू दाबायची, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा छोटा लिव्हर) ओढून किक थोडी पुढे न्यायची, डिकॉम्प्रेसर सोडायचा, आणि मग एक पूर्ण किक. सडपातळ माणसं पण आरामात चालू करतात.

खर्च इंजिन उघडल्यावर कळेल, पण एकदम सगळं करू नका. या वर्षी इंजिन, ब्रेक, टायर, वायरिंग आणि कागद. रंगाला हात लावू नका. वडिलांच्या गुडघ्यानं टाकीवरचा रंग जिथे गेलाय तो परत कुठला पेंटर आणून देणार नाही, आणि रंग कधीही मारता येतो.

प्रश्न : १९६८ ची जावा आहे. ५० वर्षांच्या वरच्या गाड्यांना वेगळा नंबर मिळतो म्हणतात, तो घ्यावा का? (सांगली)

उत्तर : २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज गाड्यांसाठी व्हीए सिरीज आली आहे. नवीन रजिस्ट्रेशनला २० हजार फी, दहा वर्षांची मुदत, नंतर रिन्युअल ५ हजार. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात पाहिजे आणि ती नेहमीच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांनाच. तुमच्याकडे जुना तीन अक्षरी नंबर असेल आणि कागद चालू असतील तर मी तरी तोच पुढे रिन्यू करत राहीन, तो नंबर पण त्या गाडीचा भाग आहे. कागद पूर्ण हरवलेले असतील तर मात्र हा रस्ता बघा.

प्रश्न : दादा मी १९ वर्षांचा, लातूरला कॉलेजला आहे. बाबा ४० हजार देणार आहेत पहिल्या गाडीसाठी, मला आरएक्स १०० च पाहिजे, मित्राच्या ओळखीत एक आहे, कागद नाहीत पण तो म्हणतो बनवून देतो. प्लीज हो म्हणा.

उत्तर : नाही म्हणतोय, आणि राग मानू नकोस. ‘कागद बनवून देतो’ म्हणजे खोटे कागद, आणि विना कागदाची ती गाडी कदाचित चोरीची असेल. पकडला गेलास तर गाडी तर जाईलच, पोलीस स्टेशनला तुला आणि बाबांना बसावं लागेल. अशा माणसाला परत फोन पण करू नकोस.

दुसरं म्हणजे ४० हजारात चांगल्या कागदाची चालू आरएक्स १०० मिळणं अवघड आहे आणि मिळाली तरी काम काढायला तुझ्याकडे पैसे उरणार नाहीत. ही गाडी पटकन वेग पकडते आणि दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, हेडलाइट आजच्या मानानं फारच मंद. रोज हायवेवरून कॉलेजला जायला, त्यातून पहिलीच गाडी म्हणून, मला ती बरोबर वाटत नाही.

त्या ४० हजारात पहिल्या मालकाकडची एखादी स्प्लेंडर बघ, पासिंग शिल्लक असलेली, आणि त्यातले दोन-तीन हजार आयएसआय मार्कच्या हेल्मेटला ठेव. तिचं ऑइल स्वतः बदल, प्लग स्वतः साफ कर, कार्बोरेटरवाली मिळाली तर तो एकदा उघडून परत बसव. आणि तुझ्या ओळखीत कुणी जुन्या गाड्यांचं काम करणारा मेकॅनिक असेल तर सुट्टीत त्याच्याकडे जाऊन बस, हातात पाना घे. एकदा क्रँक खोलताना बघितलास ना की आरएक्स बघायला जाशील तेव्हा कुणी तुला फसवू शकणार नाही. कमवायला लागलास की परत लिही, त्या वेळी आपण दोघं मिळून शोधू.